विकायला काढलेलं घर अडतं कुठे? विदर्भातल्या गावातल्या घरमालकांसाठी तपासणी आणि दुरुस्ती

भिंतीवर ‘घर विकणे आहे’ असं लिहून दोन पावसाळे उलटले. फोन येतात, चार माणसं येऊन पाहूनही जातात, पण बयाण्यापर्यंत (सौदा पक्का करायच्या आगाऊ रकमेपर्यंत) कोणी पोचत नाही. अशी घरं वऱ्हाडात आणि पूर्वेकडच्या झाडीपट्टीत गावोगावी आहेत. मालक पुण्याला किंवा नागपूरला, घराला कुलूप, आणि दर दिवाळीला भाव थोडा खाली. भाव पाडणं हाच पहिला उपाय सुचतो आणि बहुतेक वेळा तोच चुकतो. गावातलं घर भावापेक्षा जास्त वेळा शंकेवर अडतं, आणि पन्नास हजार कमी केल्यानं शंका जात नाही. उलट ‘एवढ्या स्वस्तात का काढलं असेल?’ ही नवी शंका उभी राहते.

म्हणून आधी एक वही सुरू करा. गेल्या सहा महिन्यांत ज्यांनी विचारलं त्यांची यादी करा: कोणत्या गावचा, कोणाकडून कळलं, कुठपर्यंत आला, कशावरून थांबला. चार गोष्टी वेगवेगळ्या दिसतील. फोनच येत नसेल तर बातमी पोचलेली नाही किंवा सांगितलेला भाव ऐकूनच माणूस गप्प बसतो. पाहून गेलेला परत फोन करत नसेल तर दोष घरात, पाण्यात किंवा शेजारात आहे. भाव विचारून, घासाघीस करून मग नाहीसा होत असेल तर त्यानं गावात चौकशी केली आणि काहीतरी ऐकलं. बयाणा ठरल्यावर मोडत असेल तर कागद किंवा कर्ज. ज्या पायरीवरून गिऱ्हाईक परतलं तीच पायरी दुरुस्त करायची. कर्ज न मिळाल्यामुळे सौदे मोडत असताना घराला रंग दिला तर रंगाचे पैसे गेले.

कागद: सगळ्यात जास्त वेळ इथे द्या

‘नमुना आठ आहे ना आपल्या नावावर’ हे वाक्य गावात मालकीचा पुरावा म्हणून चालतं. बँकेत आणि वकिलाकडे ते चालत नाही. ग्रामपंचायतीचा नमुना ८ ही घरपट्टी आकारण्याची नोंदवही आहे. तिथे नाव असणं म्हणजे कर कोण भरतो ते कळणं. तरीही तो उतारा ताजा काढा आणि नीट वाचा. आजोबांचंच नाव असतं, जागेचं माप जुनं असतं, २० वर्षांपूर्वी स्लॅब टाकलेल्या घराची नोंद अजून ‘माती-कवेलू’ (मातीच्या भिंती, कौलांचं छप्पर) अशीच असते. सगळ्यात महत्त्वाचा शेऱ्याचा रकाना. तिथे ‘अतिक्रमण’ लिहिलेलं असेल तर ते गिऱ्हाइकाच्या आधी तुम्हाला माहीत हवं.

त्यानंतर जागा कोणत्या प्रकारची ते ठरवा, कारण पुढचा सगळा रस्ता त्यावर अवलंबून आहे.

मूळ गावठाणातली जागा असेल तर मालमत्ता पत्रक (प्रॉपर्टी कार्ड) निघालं आहे का ते पाहा. २४ एप्रिल २०२० रोजी सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत गावठाणांची ड्रोननं मोजणी होऊन मालमत्ता पत्रकं तयार झाली आहेत. तुमच्या गावाची झाली असेल तर तालुक्याच्या उपअधीक्षक भूमी अभिलेख कार्यालयातून पत्रक घ्या आणि नाव, क्षेत्र, नकाशावरचा आकार तिन्ही तपासा. मोजणीच्या दिवशी घराला कुलूप होतं म्हणून सांदवाडी (घरामागची मोकळी जागा) शेजाऱ्याच्या तुकड्यात गेली, किंवा गावात राहणाऱ्या एकट्या भावाचंच नाव लागलं, असं होऊ शकतं. दुरुस्तीचा अर्ज त्याच कार्यालयात द्यायचा, सोबत जुने कागद. याला महिने लागू शकतात, म्हणून हे काम जाहिरातीच्या आधीचं.

लेआऊटमधला प्लॉट असेल तर सातबारा, अकृषिक (एनए) आदेश आणि मंजूर नकाशा हे तिन्ही लागतात. तालुक्याच्या आसपास शेताचे तुकडे पाडून विकलेले, नकाशा मंजूर नसलेले प्लॉट पुष्कळ आहेत. तिथे तुकडेबंदीचा (ठरावीक मापापेक्षा लहान शेततुकड्याची विक्री रोखणारा) कायदा आडवा येऊ शकतो आणि वकील तिथेच फाईल बाजूला ठेवतो.

घर शेतात बांधलेलं आणि सातबारा अजून शेतीचाच असेल तर तुम्ही कायद्यानं शेतजमीन विकता आहात. विदर्भासाठीच्या १९५८ च्या कुळवहिवाट कायद्यानुसार शेतकरी नसलेल्या माणसाला ती परवानगीशिवाय घेता येत नाही. शिक्षक, कंडक्टर, दुकानदार असे पगारी आणि धंदेवाईक गिऱ्हाईक यातूनच गळतं. आधी अकृषिक करून घ्या, नाहीतर शेतकऱ्यालाच विका.

काही जागा परवानगीशिवाय विकताच येत नाहीत. भोगवटादार वर्ग २ ची जमीन, शासनानं दिलेला निवासी पट्टा, धरणग्रस्तांना पुनर्वसनात मिळालेला प्लॉट (गोसीखुर्दमुळे नागपूर आणि भंडारा जिल्ह्यांत अशी गावठाणं आहेत), योजनेतलं घरकुल, या प्रत्येकाच्या आदेशात अटी लिहिलेल्या असतात. तो आदेश शोधून वाचा. आदिवासी व्यक्तीच्या नावची जमीन बिगर-आदिवासीला द्यायची तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ३६-अ प्रमाणे आधी परवानगी लागते. गडचिरोली, चंद्रपूर, यवतमाळ आणि मेळघाटात हे विसरून सौदा करू नये. पूर्व विदर्भातल्या सहा जिल्ह्यांत आणखी एक गोष्ट पाहावी लागते. मूळ नोंदीत ‘झुडपी जंगल’ असा शेरा असेल तर २२ मे २०२५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं अशी जमीन वनजमीनच मानली आहे. त्यावर घर उभं असलं तरी विक्री सरळ होणार नाही. अशा वेळी भाव पाडून गिऱ्हाईक शोधणं म्हणजे आपली अडचण दुसऱ्याच्या गळ्यात घालणं. ते करू नका.

वारसांचा प्रश्न जवळपास प्रत्येक जुन्या घराला असतो. वडील गेले, तीन भाऊ आणि दोन बहिणी. भावांनी आपसात ठरवलं आणि बहिणींना ‘त्या काय मागणार’ म्हणून धरलंच नाही. ९ सप्टेंबर २००५ पासूनच्या हिंदू वारसा कायद्याच्या दुरुस्तीनं मुलीला जन्मानं मुलाइतकाच हक्क आहे, आणि सर्वोच्च न्यायालयानं ११ ऑगस्ट २०२० रोजी तो पक्का केला. तिची सही नसलेलं विक्रीपत्र वकील पुढे जाऊ देत नाही. मार्ग दोनच. एक तर सगळ्या वारसांनी विक्रीपत्रावर सही करायची आणि प्रत्येकाच्या हिश्श्याचे पैसे त्याच्या त्याच्या खात्यात. नाहीतर जी स्वतःच्या खुशीनं हिस्सा सोडते तिचं हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवून घ्यायचं. साध्या कागदावरची संमती, ग्रामपंचायतीसमोर दिलेला जबाब, व्हॉट्सॲपवरचा होकार यांनी हिस्सा सुटत नाही. कोणी बाहेरगावी असेल तर विक्रीचा अधिकार देणारं नोंदणीकृत मुखत्यारपत्र. वारसांत अज्ञान (१८ वर्षांखालचं) मूल असेल तर न्यायालयाची परवानगी लागते का, हे वकिलाला पहिल्याच भेटीत विचारा. आणि हिंदू वारसा कायद्याच्या कलम २२ नुसार पहिल्या वर्गातल्या (मुलगा, मुलगी, पत्नी, आई अशा जवळच्या) सहवारसांना तुमचा हिस्सा आधी घेण्याचा अग्रहक्क मागता येतो, म्हणून एकट्याचा हिस्सा विकताना बाकीच्यांना लेखी विचारून ठेवा.

शंभराच्या स्टॅम्पवर घेतलेलं घर हा वेगळा गुंता. घर तीस वर्षं वापरात असलं, घरपट्टी भरलेली असली, तरी १०० रुपये आणि त्याहून जास्त किमतीच्या स्थावराची विक्री नोंदणीकृत दस्तानंच होते. मूळ विकणारा किंवा त्याचे वारस हयात आहेत तोवर त्यांच्याकडून आता रीतसर विक्रीपत्र करून घ्या. ते थोडे पैसे मागतील. तो खर्च किमतीतून वजा धरा, कारण गिऱ्हाईक त्याच्या दुप्पट कापतं.

मग टेप घेऊन जागा मोजा. जुन्या दस्तात ‘२० हात बाय ४० हात’ असं असतं. हात दीड फुटाचा धरला तर ३० बाय ६० फूट, म्हणजे १,८०० चौरस फूट. जागेवर रुंदी २८ फूटच भरली तर १,६८० उरतात. हे १२० फूट शेजाऱ्याच्या भिंतीत गेले की रस्त्यात, ते आता शोधा. गिऱ्हाईक स्वतः मोजून फरक काढतं तेव्हा त्याला फसवल्यासारखं वाटतं, आणि मग बाकीच्या खऱ्या गोष्टीही त्याला खोट्या वाटू लागतात. जाहिरातीत नेहमी जागेवरचं माप द्या. चतुःसीमेत (चारही बाजूंच्या हद्दींत) शेजाऱ्यांची आजची नावं घाला. सामाईक भिंत कोणाची, कवेलूचं पाणी कोणाच्या हद्दीत पडतं, सांडपाणी कुठून जातं, मागच्या घराची वहिवाट तुमच्या बोळातून आहे का, हे एका कागदावर नकाशा काढून लिहा.

शेवटी वकिलाकडून ३० वर्षांचा शोध अहवाल (जुन्या नोंदींवरून मालकी तपासल्याचा सर्च रिपोर्ट) काढून घ्या, घरपट्टी आणि पाणीपट्टी भरल्याच्या पावत्या ठेवा, वीजबिल शून्य करा. सगळ्याच्या छायाप्रती एका फाईलमध्ये. ही फाईल घेऊन तालुक्याच्या बँक शाखेत जा आणि सरळ विचारा: या घरावर घेणाऱ्याला गृहकर्ज द्याल का? नाही तर काय कमी आहे? फार थोडे मालक हे करतात. ज्याला कर्ज लागतं तो शिक्षक, पोलीस किंवा एसटीचा कर्मचारी तुमचं घर मनापासून आवडूनही घेऊ शकत नाही, आणि रोखीनं घेणारी माणसं गावात मोजकी असतात. बँकेचा होकार मिळाला की तुमचं गिऱ्हाईक वाढतं आणि भाव पाडावा लागत नाही.

भाव कसा काढायचा

चुकीचा भाव तीन ठिकाणांहून येतो. पहिलं, समृद्धी महामार्ग जवळून गेला म्हणून गावातल्या घराला महामार्गाकाठच्या जमिनीचा भाव लावणं. संपादनाचा मोबदला शेताला मिळाला. गावठाणातल्या बोळातल्या घराला त्याचा उपयोग इंटरचेंज किती लांब आहे तेवढाच. दुसरं, ‘बांधायला इतके लागले’ हा हिशेब. तिसरं, शेजाऱ्यानं विकायला काढलेल्या घराचा भाव. ते घरही पडूनच आहे हे विसरलं जातं.

जागा आणि बांधकाम वेगळं मोजा. जागेचा दर प्रत्यक्ष झालेल्या विक्रीवरून घ्या. तुमच्या आणि लगतच्या गावात गेल्या दोन वर्षांत नोंदलेल्या दस्तांची सूची क्रमांक २ (इंडेक्स टू) नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर पाहता येते. शासनाचा वार्षिक मूल्यदर तक्ताही (रेडी रेकनर) पाहा. बांधकामाचा आजचा खर्च गावातल्या मिस्त्रीकडून विचारा, मग वयाप्रमाणे घसारा (जुनेपणाची घट) काढा. स्लॅबच्या घराचं आयुष्य ६० वर्षं धरतात आणि शेवटी १० टक्के मोल उरतं असं मानतात.

समजा जागा १,६८० चौरस फूट आणि दर २५० रुपये, म्हणजे ४,२०,०००. बांधकाम ८०० फूट, आजचा खर्च फुटाला १,६००, म्हणजे १२,८०,०००. घर २० वर्षांचं. घसारा ९० टक्क्यांच्या २०/६०, म्हणजे ३० टक्के, ३,८४,०००. उरले ८,९६,०००. बेरीज १३,१६,०००. यातून घेणाऱ्याला लगेच करावी लागणारी दुरुस्ती, समजा १,१०,०००, वजा केली की १२,०६,००० राहतात. सांगायचा भाव पावणेतेरा लाख ठेवा आणि बारापर्यंत यायची तयारी. पंधरा सांगून ‘बसून बोलू’ म्हटलं तर ज्याच्याजवळ बारा आहेत तो फोनच करत नाही.

मातीच्या भिंतीच्या, कवेलूच्या किंवा धाब्याच्या (मातीच्या सपाट छताच्या) घराचं गणित निराळं. घेणारा ते पाडणार हे तुम्हालाही ठाऊक आहे. त्याच्या हिशेबात जागेचा दर धरायचा, त्यातून पाडून मलबा हलवायचा खर्च वजा, आणि सागवानी खांब, तुळया, दारं यांची किंमत अधिक. लाकडाचा भाव सुताराकडून वेगळा काढा आणि घेणाऱ्याला ‘लाकडासह’ आणि ‘लाकडाशिवाय’ असे दोन आकडे द्या. सागवान गाडीत घालण्याआधी वन विभागाकडे वाहतुकीच्या परवान्याची चौकशी करा.

मूल्यदर तक्त्यापेक्षा कमी भावात सौदा झाला तरी मुद्रांक शुल्क तक्त्याच्या किमतीवरच लागतं, आणि फरक १० टक्क्यांहून जास्त असेल तर आयकराचाही प्रश्न येतो. ‘अर्धे कागदावर, अर्धे हातात’ हा प्रस्ताव नाकारा. स्थावराच्या व्यवहारात २०,००० किंवा त्याहून जास्त रक्कम रोख घेतली तर तेवढाच दंड होऊ शकतो, आणि कर्ज घेणाऱ्याला तर पूर्ण किमतीचाच दस्त हवा असतो.

पाहून गेलेला परत येत नाही तेव्हा

विदर्भातल्या काळ्या मातीत घराला भेगा जातातच. ही माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. पाया उथळ असेल तर घराचा कोपरा वरखाली होतो आणि खिडकीच्या कोपऱ्यापासून तिरकी, पायऱ्यापायऱ्यांची भेग निघते. गिऱ्हाईक पहिली नजर तिथेच टाकतं. केसासारखी बारीक, फक्त गिलाव्यातली भेग काळजीची नाही. भेग ३ मिलिमीटरपेक्षा रुंद आणि विटांच्या सांध्यांतून गेलेली असेल तर ती अजून हलते आहे का ते पाहा. भेगेच्या दोन्ही बाजूंना पेन्सिलनं खुणा करा, अंतर आणि तारीख भिंतीवरच लिहा. मे महिन्यात एक आणि सप्टेंबरमध्ये एक, अशा दोन नोंदी झाल्या की कळतं.

आधी कारण काढा. बहुतेक वेळा छपराचं किंवा मोरीचं पाणी पायाशी मुरत असतं. घराभोवती किमान ३ फूट रुंद मुरूम दाबून त्यावर बाहेर उतार देऊन कोबा करा, पाणी पाइपानं लांब न्या. मग भेग इंग्रजी व्ही अक्षरासारखी १० ते १२ मिलिमीटर खोलून, साफ करून, ओली करून भरा. वर दोन्ही बाजूंना सहा-सहा इंच जाळी ठोकून १:४ चा (सिमेंट:रेती) गिलावा, आणि सात दिवस पाणी. विकण्याच्या आदल्या महिन्यात नुसती लांबी (पुट्टी) भरून रंग दिला तर पुढच्या उन्हाळ्यात तीच भेग परत उघडते. शिवाय माहीत असलेला मोठा दोष लपवू नये असं मालमत्ता हस्तांतरण कायदाही सांगतो. ‘ही भेग २०१८ ची आहे, पाण्याची व्यवस्था केल्यापासून वाढलेली नाही, या बघा तारखा’ असं सांगणाऱ्या मालकाचं घर विकलं जातं.

स्लॅब गळत असेल तर फेब्रुवारी ते मे यातच काम करा. गच्चीवर कडेला मातीची पाळ घालून इंच-दोन इंच पाणी एक दिवस तुंबवा. खाली ओल कुठे उमटते ते खडूनं खुणा करून ठेवा. उतार शंभर फुटांना एक फूट तरी हवा. कवेलू असतील तर मृगाआधी फिरवून फुटके बदला. टिन असेल तर गंजलेले खिळे काढून वॉशरचे स्क्रू लावा.

उधई (वाळवी) हे दुसरं मोठं कारण. चौकटीला बोटाच्या पेरानं ठोकून पाहा, पोकळ आवाज आला की समजा. भिंतीच्या बुडाशी फुटाफुटावर १२ मिलिमीटरची भोकं पाडून औषध सोडतात. क्लोरपायरीफॉस २० ईसी वापरत असाल तर १ लिटर औषधाला १९ लिटर पाणी. ते विषारी आहे. हातमोजे, तोंडाला फडकं, विहिरीपासून दूर, आणि शक्यतो जाणत्या माणसाकडूनच.

भिंतीला बुडाशी लोणा (ओलीमुळे फुटणारा पांढरा क्षार) लागला असेल तर त्यावर रंग देऊ नका. ओलीच्या रेषेच्या फूटभर वरपर्यंत गिलावा काढा, भिंत सुकू द्या, मग नवा करा.

बाकी कुठे पैसे घालायचे? संडास-बाथरूम, स्वयंपाकघरातली मोरी, वायरिंग, आणि आतून-बाहेरून चुना. ग्रॅनाइट, पीओपी, नवी टाइल्स यांचा पैसा गावात परत येत नाही. कोठा (गोठा) साफ करून दाखवा, शेणाचा उकिरडा हलवा, सांदवाडीतली गाजरगवताची वाढ काढा. बंद घराचा वास घालवायला आठ दिवस आधी दारं-खिडक्या उघडी ठेवा.

पाण्याचं खरं सांगा आणि पुरावा ठेवा. पूर्णेच्या खोऱ्यात, म्हणजे अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात, बोअर आहे म्हणून सांगण्याला अर्थ नाही. पाणी गोडं आहे का, नळयोजनेचं येतं का, किती दिवसांआड, हे विचारलं जातं. यवतमाळ आणि चंद्रपूरच्या बऱ्याच गावांत फ्लोराइडची भीती आहे. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत नमुना तपासून अहवाल फाईलला लावा. पिण्याच्या पाण्यात विरघळलेले क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत चांगले आणि दुसरा स्रोत नसेल तर २,००० पर्यंत चालतात. फ्लोराइड १ पर्यंत, फार तर १.५. वेकोलिच्या (वेस्टर्न कोलफिल्ड्स या कोळसा कंपनीच्या) खाणपट्ट्यातलं किंवा व्याघ्रप्रकल्पाच्या बफरमधलं (भोवतालच्या पट्ट्यातलं) गाव असेल तर संपादनाची किंवा बांधकामबंदीची अफवा गिऱ्हाइकाच्या कानावर आलेलीच असते. तहसील किंवा वन कार्यालयातून खरी स्थिती लेखी मिळवा.

किल्ली कोणाकडे आहे?

गिऱ्हाईक चांगलं बोलून जातं आणि मग गप्प होतं, याचं उत्तर पुष्कळदा किल्लीत असतं. मालक दूर, किल्ली चुलतभावाकडे. त्याला ते घर स्वतःला स्वस्तात हवं असतं, किंवा अंगणात त्याचे बैल आणि कडबा असतो. तो कोणाला घर दाखवताना खोटं बोलत नाही, फक्त ‘बहिणींचं काय ते अजून ठरलं नाही’ एवढंच म्हणतो. तेवढं पुरतं. आधी त्यालाच आणि लागून असलेल्या शेजाऱ्यांना लेखी भाव कळवा, महिन्याची मुदत द्या. लगतच्या माणसाला ती जागा इतरांपेक्षा जास्त उपयोगाची असते, म्हणून तो खरा चांगला गिऱ्हाईक. नाही म्हणाला तर किल्ली ज्याचा या जागेत रस नाही अशा माणसाकडे ठेवा, आणि अंगण मोकळं करून घ्या.

दलाल एकच धरा. तीन दलाल तीन भाव सांगतात आणि तिन्ही भाव एकाच पानठेल्यावर एकमेकांना भेटतात. भाव त्याला कागदावर द्या, दलाली साधारण १ ते २ टक्के, रजिस्ट्रीच्या दिवशी.

गावातल्या घराचं गिऱ्हाईक १५-२० किलोमीटरच्या आतलं असतं: लहान पोडावरून किंवा टोल्यावरून (वस्तीवरून) रस्त्याच्या गावात शाळेसाठी येणारं कुटुंब, दुकान टाकणारा, बदलून आलेला नोकरदार, शहरातून गावाकडे परत येणारा. म्हणून बातमी आठवडी बाजार, कृषी केंद्र, शाळा, दूध संकलन आणि आसपासच्या गावांच्या व्हॉट्सॲप गटांत पोचवा. संकेतस्थळावर गावाचं नाव कोणी शोधत नाही, तालुक्याचं शोधतात. मजकूर असा हवा:

‘घर विकणे. तालुक्याच्या बसस्थानकापासून ९ किमी, डांबरी रस्ता. जागा २८ × ६० फूट, स्लॅबचं बांधकाम ८०० चौ. फूट, सन २००५. समोर १५ फुटी रस्ता, गाडी दारात येते. दोन खोल्या, स्वयंपाकघर, ओसरी, संडास-बाथरूम, मागे सांदवाडी. नळ आणि बोअर, मे महिन्यात पाणी असतं. मालमत्ता पत्रक नावावर, सर्व वारस सही करणार, थकबाकी नाही. अपेक्षा १२.७५ लाख.’

फोटो सकाळच्या उजेडात, आडवे. रस्त्यासकट दर्शनी भाग, प्रत्येक खोली, संडास, मीटर, छत. वीज चालू ठेवा. मीटर कायमचं बंद झालेलं घर अंधारात दाखवावं लागतं, आणि नवी जोडणी मिळेल का ही आणखी एक शंका तयार होते.

वेळही पाहा. पैसा हातात येतो तो सोयाबीन ऑक्टोबर-नोव्हेंबरात विकल्यावर, कापूस आणि तुरीनंतर फेब्रुवारीपर्यंत, आणि भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडे धान विकल्यावर डिसेंबर-जानेवारीत. पितृपक्षात कोणी बोलणी करत नाही. नोकरदार आणि शाळेची मुलं असलेली कुटुंबं मात्र एप्रिल-मेमध्ये शोधतात, कारण विदर्भातल्या शाळा जूनच्या अखेरीस उघडतात. उन्हाळ्यात घर सकाळी दहाच्या आत किंवा पाचनंतरच दाखवा. दुपारच्या ४५ अंशांत टिनाखाली उभा राहिलेला माणूस त्या घरात राहायची कल्पनाही करू शकत नाही.

बयाणा ठरल्यावर मोडू नये म्हणून

बयाणा तोंडी घेऊ नका. इसारपत्र (बयाण्याचा करार) अर्जनवीसाकडून किंवा वकिलाकडून लिहून घ्या: पूर्ण किंमत, बयाण्याची रक्कम (साधारण दहावा हिस्सा, बँकेतून), रजिस्ट्रीची मुदत ६० ते ९० दिवस, मुद्रांक आणि नोंदणीचा खर्च कोणाचा, कर्ज नामंजूर झालं तर बयाणा किती दिवसांत परत, घरासोबत काय जाणार (मोटर, टाकी, कुलर, कोठ्याचे टिन). मोटरीवरून मोडलेले सौदेही असतात, म्हणून लिहा. रजिस्ट्रीआधी ताबा देऊ नका. ताबा दिलेल्या करारावर विक्रीपत्राइतकंच मुद्रांक शुल्क लागतं, आणि पैसे अडकले तर माणूस घराबाहेर काढणं कठीण.

घेणाऱ्याला खर्चाचा आकडा आधीच द्या, नाहीतर तो शेवटच्या आठवड्यात तुमच्या किमतीतून कापायला बसतो. नोंदणी फी १ टक्का, जास्तीत जास्त ३०,००० रुपये. राहतं घर फक्त बाईच्या नावानं घेतलं तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे. ही गोष्ट आठवणीनं सांगा, बारा लाखांवर ते १२,००० होतात. सगळे वारस एकाच दिवशी येऊ शकतील अशी तारीख धरा. दस्तावर सही झाल्यापासून चार महिन्यांच्या आत तो नोंदणीला सादर व्हावा लागतो.

त्या दिवशी आधार, पॅन, दोन साक्षीदार आणि मूळ कागद सोबत. पैसे खात्यात जमा झाल्याचं पाहूनच सही. नंतर सूची क्रमांक २ ची प्रत घेऊन घेणाऱ्यासोबत ग्रामपंचायतीत फेरफाराचा अर्ज, भूमी अभिलेखात मालमत्ता पत्रकावर नोंदीचा अर्ज आणि महावितरणकडे नाव बदलण्याचा अर्ज एकाच फेरीत द्या. ताब्याच्या दिवशी मीटरवरच्या आकड्याचा फोटो दोघांच्याही फोनमध्ये ठेवा, म्हणजे पुढच्या बिलात कोणाचं किती यावरून फोन करावा लागत नाही.